दुसरं घर भाड्याने द्यायचंय? भाड्याच्या आकड्याआधी हातात काय उरतं ते बघा

पहिल्या घराचं कर्ज संपत आलं की मुंबईतल्या पगारदार घरात दुसऱ्या घराचा विषय निघतोच. "एखादं वन बीएचके घेऊन टाकू. भाड्यातून हप्ता जाईल, पुढे म्हातारपणी पेन्शन होईल." जागेची किंमत काय असते हे या शहराने आपल्याला दोन-तीन पिढ्या शिकवलं आहे, त्यामुळे ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. पण त्या वाक्यातला मधला तुकडा, भाड्यातून हप्ता जाईल हा, आजच्या मुंबईत खरा ठरत नाही. का ठरत नाही, ते आधी कागदावर मांडून पाहू.

समजा, कांदिवलीत चारशे चौरस फूट कार्पेटचं जुनं वन बीएचके ९० लाखांना मिळतंय. मुंबईत खरेदीवर मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर यात एक टक्का सवलत मिळते, ती विसरू नका. नोंदणी फी ३० हजार धरा, दलाली एक टक्का म्हणजे ९० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार. रंग, पंखे, गिझर, न्हाणीघराची गळती, स्वयंपाकघराचा ओटा यात दोन लाख सहज जातात. म्हणजे ९० लाखांचं घर तुम्हाला जवळजवळ ९९ लाखांना पडलं. परतावा मोजताना भागायचं ते या ९९ लाखांनी. बहुतेक जण ९० लाखांनी भागतात आणि तिथेच पहिली चूक होते.

आता भाडं. असं घर महिना २५ हजारांना जाईल असं धरू. बाराही महिने भाडं येईल असं मात्र धरू नका. एक कुटुंब गेलं, दुसरं यायला वेळ लागला, मध्ये रंगकाम निघालं, की महिना जातोच. म्हणून अकरा महिन्यांचे २ लाख ७५ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार वजा करा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क वर्षाला दोन हजारांच्या आसपास. दलालाला एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं. भाडेकरू दोन वर्षं टिकला असं धरून वर्षाचे साडेबारा हजार. ॲग्रीमेंटचे दोन हजार आणि नळ, वायरिंग, दरवाजे यांची किरकोळ दुरुस्ती पंधरा हजार. हे सगळं गेल्यावर दोन लाखांच्या थोडं वर उरतं, म्हणजे ९९ लाखांवर जेमतेम दोन टक्के. यावर आयकर भरायचा आहे तो वेगळाच. बँकेतली साधी मुदत ठेवही यापेक्षा बरंच जास्त देते.

कर्ज काढलं असेल तर चित्र आणखी कठीण होतं. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे ५२ हजार. भाडं २५ हजार. उरलेले २७ हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार, आणि घर रिकामं असेल त्या महिन्यात पूर्ण ५२ हजार. शिवाय ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरलं जात नाही. त्यामुळे सुरुवातीलाच मोठी रोकड हाताशी लागते. ती आणण्यासाठी लोक पीएफ मोडतात, सोनं गहाण टाकतात. भाड्याच्या घरासाठी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राहत्या घरासाठी माणूस ओढाताण सहन करतो, कारण त्या छपराखाली तो रोज झोपतो. गुंतवणुकीने रोजच्या जगण्यावर असा भार टाकता कामा नये.

मग लोक घेतात कशासाठी? भाव वाढेल म्हणून. ही आशा निराधार नाही. जुन्या मुंबईकरांनी ती खरी होताना पाहिलेली आहे. पण २०१३-१४ नंतर अनेक भागांत भाव बरीच वर्षं जवळपास जागच्या जागी राहिले होते, हेही याच शहरात घडलं आहे. तेव्हा घर घेताना स्वतःला स्वच्छ सांगा की तुमचा मुख्य डाव भाववाढीवर आहे आणि भाडं त्याला जोड म्हणून आहे. भाव दहा वर्षं हलला नाही तरी हप्ता, मेंटेनन्स आणि रिकामे महिने पेलवणार असतील, तरच पुढे जा.

"मग लांब घेऊ, तिकडे स्वस्त आहे," हा पुढचा विचार. बदलापूर, विरार, पनवेलच्या पलीकडे किंमत कमी असते हे खरं, पण भाडंही त्याच मापाने कमी असतं. खर्च मात्र तेवढा कमी होत नाही. वन बीएचकेला रंग द्यायला बदलापुरात जे पैसे लागतात त्याच्या फार पुढे कांदिवलीतला रंगारी मागत नाही. प्लंबर, गिझर, मोटार दुरुस्ती यांचंही तसंच. आठ हजार भाड्याच्या घरात एका गळतीची दुरुस्ती दोन महिन्यांचं भाडं खाऊन जाते. शिवाय नव्या टॉवरांच्या वसाहतीत एकाच वेळी शेकडो मालक भाडेकरू शोधत असतात. तिथे भाडेकरूला निवड असते, मालकाला नसते.

जागा निवडताना स्वतःच्या आवडीची खिडकी बाजूला ठेवा आणि भाडेकरूच्या पायांनी चालून बघा. स्टेशनपासून किती मिनिटं? सकाळी साडेआठला शेअर रिक्षा मिळते का? पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबतं का? पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालू असते का, दुचाकी लावायला जागा आहे का? जवळ मोठं रुग्णालय, महाविद्यालय किंवा ऑफिसांचा पट्टा असेल तर भाडेकरू मिळत राहतो. ऐरोली, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या जाण्यायेण्याच्या अंतरातली साधी घरं कधी फार दिवस रिकामी राहत नाहीत. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयामुळे परिचारिका, निवासी डॉक्टर आणि बाहेरगावचे रुग्ण-नातेवाईक सतत घर शोधत असतात.

"मेट्रो येणार" या शब्दावर जास्त पैसे मोजताना जपून. मेट्रोची घोषणा झाली की विकणारा भाव लगेच वाढवतो. भाडेकरू मात्र गाडी प्रत्यक्ष धावायला लागल्यावरच जास्त भाडं देतो. अंधेरी ते दहिसरच्या दोन मार्गिका २०२३ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाल्या, आरे ते कफ परेडचा भुयारी मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत त्या रस्त्यांवरच्या मालकांनी खोदकाम, धूळ आणि ट्रॅफिक सोसत जुन्याच भाड्यात दिवस काढले.

इमारतीचं वयही विचारा. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावं लागतं. त्याचा अहवाल सोसायटीकडे मागा, नुसत्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर तुमचा भाडेकरू वर्षभरात बाहेर पडेल हे गृहीत धरा. पुनर्विकासाच्या काळात बिल्डर जे भाडं देतो ते मालकाला मिळतं, त्यामुळे नुकसान होईलच असं नाही. पण ते किती आणि किती काळ मिळणार हे करारावर आणि बिल्डरच्या ऐपतीवर अवलंबून असतं. ओसी, म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला, नसलेलं घर स्वस्त मिळालं तरी छोट्या गुंतवणूकदाराने घेऊ नये. विकायच्या दिवशी ती स्वस्ताई उलटते. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतलं किंवा म्हाडाच्या सोडतीतलं घर असेल तर विकण्यावर आणि भाड्यावर काय बंधनं आहेत ते आधी लेखी तपासा.

एक जमेची बाजू मात्र आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत कार्पेट असलेल्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. सोसायटीच्या बिलात तरीही त्या नावाने रक्कम दिसत असेल तर सचिवांना विचारा.

भाडेकरू घर बळकावेल ही भीती

आता ज्यामुळे मुंबईत हजारो घरं कुलपात पडून आहेत त्या भीतीकडे येऊ. आई-वडिलांचं घर मोकळं झालं, मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आणि घर भाड्याने द्यायचं म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "नको रे बाबा, एकदा आत आला की निघायचा नाही." ही भीती त्यांच्या मनाने रचलेली नाही, ती इतिहासातून आलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य केलं. पागडीची घरं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्यावर दिलेली, त्यातूनच आली. त्यातून वाट काढायला मालक भाड्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देऊन, घर देऊ लागले. पुढे १९७३ मध्ये कायदा बदलला, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी विश्वासाने घर दिलं होतं त्यांचं घर अडकलं. त्या पिढीने हे जवळून पाहिलं आणि पुढच्या पिढीला सांगितलं.

पण तो कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपताच परत करावं लागतं. नाही केलं तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. समोरच्याला बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने लागते. लेखी करारात जे लिहिलंय ते त्या अर्जात पक्का पुरावा मानलं जातं.

एवढं संरक्षण कागदावर आहे, आणि मुंबईतले कितीतरी मालक ते आपल्या हाताने घालवतात, कारण त्यांचा करार नोंदवलेलाच नसतो. "अकरा महिन्यांचा आहे ना, नोंदणी लागत नाही," हे सर्रास ऐकू येतं. इतर राज्यांतला तो समज महाराष्ट्रात चालत नाही. इथे कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला त्याहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, आणि ते चुकीचं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला की काम झालं, असं मानणाऱ्या प्रत्येक काका-मावशींना हे समजावून सांगावंसं वाटतं.

खर्च तरी किती? कराराच्या पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करण्याची काही ठेव असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. महिना २५ हजार आणि एक लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर ते सातशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. एका जोडी चपलांच्या किमतीत कोट्यवधीच्या घराचं संरक्षण मिळत असताना ते टाळायचं कशाला?

कायद्याने करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तरी नव्या भाडेकरूशी पहिला करार अकरा-बारा महिन्यांचा करा आणि पटलं तर पुढचा लांब करा. भाडं थकलं तर किती दिवसांच्या नोटिशीने लायसन्स संपेल, दर वर्षी भाडं किती टक्के वाढेल, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) किती महिन्यांचा, पुनर्विकास सुरू झाला तर काय, हे सगळं स्पष्ट लिहा. मुदत संपली आणि भाडेकरू राहतोय, तुम्हीही भाडं घेताय, नवीन करार मात्र "बघू पुढच्या महिन्यात", असं होऊ देऊ नका. आणि अकरा महिन्यांनी घर थोडे दिवस रिकामं ठेवलं नाही तर हक्क लागतो, हा समज सोडून द्या. परवानगीने राहणाऱ्याला नुसती वर्षं मोजून मालकी मिळत नाही.

हेवी डिपॉझिटवर, म्हणजे पाच-दहा लाख एकरकमी घेऊन जवळपास बिनभाड्याने, घर द्यायला मी कुणालाही सांगणार नाही. ते पैसे परत करायची वेळ एका दिवशी येते, आणि तोवर ते बहुतेक वेळा घराच्या किंवा लग्नाच्या खर्चात गेलेले असतात. पैसे परत न मिळालेला भाडेकरू घर सोडत नाही, आणि त्यात चूक त्याची नसते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही बंधनकारक आहे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. पाच मिनिटांचं काम आहे. पावती करारासोबत ठेवा.

सोसायटी, भाडेकरू आणि तुम्ही

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी शुल्क मनाला येईल तेवढं लावू शकत नाही. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. लक्षात घ्या, सेवाशुल्काच्या, संपूर्ण बिलाच्या नाही. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग हे सगळं धरून १० टक्के काढणाऱ्या समित्या आहेत. बिल नीट वाचा आणि लेखी विचारा. घरात तुमचे आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

भाडेकरू निवडताना सोसायटीतले काही लोक जात, धर्म, मांसाहार, एकटी राहणारी मुलगी यांवर बोलतील. घर तुमचं आहे, निर्णय तुमचा असू द्या. नोकरी, पगार, आधीच्या मालकाचा अनुभव हे पाहून निवडलेला भाडेकरू वेळेवर भाडं देतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आडनाव पाहून निवडलेल्याबद्दल तसं सांगता येत नाही. चांगल्या माणसांना मीरा रोड ते मुंब्रा वणवण करायला लावणं हे या शहराला शोभत नाही, आणि मालकाला परवडतही नाही. चांगला भाडेकरू नाकारून घर एक महिना जास्त रिकामं राहिलं की वरच्या हिशेबातले २५ हजार गेले.

घर देताना भिंती, फरशी, नळ, पंखे यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो भाडेकरूलाही पाठवा. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं वाचन दोघांनी सही करून लिहून ठेवा. घर सोडताना डिपॉझिट त्याच दिवशी, किल्ली हातात आल्याबरोबर द्या. दोन वर्षं राहिल्याने फिकट झालेल्या रंगाचे पैसे कापू नयेत, ती झीज मालकाच्या वाट्याची असते. भाडं थकलं तरी वीज-पाणी तोडायच्या किंवा कुलूप बदलायच्या फंदात पडू नका. कायदा तुमच्या बाजूने असताना तक्रार तुमच्यावर दाखल होईल.

कर

भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही स्वतः भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. खर्च किती झाला याची बिलं दाखवावी लागत नाहीत. तसंच दुरुस्ती किंवा दलाली त्याच्या वर वेगळी वजा करता येत नाही. आपल्या उदाहरणात २ लाख ७५ हजारांवर ८२,५०० ची वजावट जाऊन १ लाख ९२ हजार ५०० करपात्र. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह सुमारे ४० हजार कर. म्हणजे हातात उरलेल्या दोन लाखांचे एक लाख साठ हजार होतात.

कर्जाचं व्याजही वजा होतं, पण इथे बरेच जण फसतात. वरच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज पाच लाखांच्या घरात जातं, म्हणजे घराच्या उत्पन्नात तोटा दिसतो. जुन्या कर पद्धतीत त्यातला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो. नव्या पद्धतीत पगाराशी वजावट होतच नाही. "कर्ज काढ, टॅक्स वाचेल," असा सल्ला देणाऱ्याला आधी तुम्ही कोणत्या पद्धतीत आहात ते विचारू द्या.

भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने त्यातून २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. त्याला हे आधीच सांगा, म्हणजे वर्षअखेरीला गोंधळ होत नाही. मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचे नियम पूर्ण वेगळे आणि दर बराच जास्त आहे. त्यासाठी सीएला भेटाच.

विकताना, घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांना महागाई निर्देशांक धरून २० टक्के भरण्याचा दुसरा पर्यायही आहे. जो कमी पडेल तो घ्या. हा नफा मोजताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि घरात केलेली मोठी सुधारणा खरेदी किमतीत धरली जाते. म्हणून ओटा बदलला, न्हाणीघर नव्याने बांधलं, खिडक्या बसवल्या, तर त्याचं जीएसटीचं बिल घ्या, पैसे बँकेतून द्या आणि ते बिल खरेदीखताच्या फाइलमध्येच लावून ठेवा.